नावेतला किशनराज

किशनराजचं पत्र श्रीपतरावांना आलं ते एकोणसत्तर साली, आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. ही गोष्ट त्यांना कुठंही आठवायची. दाढी करताना, शाळेत हजेरी घेताना, कुणाच्या लग्नात पंगतीला बसलेले असताना. आठवली की हातातलं काम क्षणभर थांबायचं. मग ते खाकरून पुन्हा कामाला लागायचे.

पत्र उर्दूत होतं. श्रीपतराव निजामाच्या राजवटीत शिकलेले, त्यामुळे त्यांना ते वाचायला अडचण आली नाही. मजकूर थोडासाच होता.

‘जनाब, माझी पत्नी मराठी आहे. तिनं तुमचा लेख मला वाचून दाखवला. तुम्ही लिहिता, किशनराज कधी मरत नाही, त्याच्या प्रत्येक सिनेमाचा शेवट नावेतल्या गाण्यानं होतो. आम्ही दोघं पुष्कळ हसलो. मग माझं हसू थांबलं. पडद्यावर मी इतक्यांदा मेलो आहे की माझी आई माझे सिनेमे पाहत नसे. आणि नावेत मी आयुष्यात एकदाच बसलो, माझ्या पहिल्या सिनेमात. तो मुंबईत आठवडाभरसुद्धा चालला नाही. त्याची प्रत मी खूप शोधली, कुठंच मिळाली नाही. ती नाव तुम्ही कुठं पाहिली? मेहेरबानी करून कळवा.’

खाली सही, आणि खारचा पत्ता.

हा लेख श्रीपतरावांनी लातूरच्या एका साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात लिहिला होता. ते भालकीच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. वाचन दांडगं, पण बोलायची चोरी. चार माणसांत उभं राहिलं की जीभ टाळूला चिकटायची. लिहिताना मात्र त्यांना धीर यायचा. छापून आलेलं त्यांचं आयुष्यातलं पहिलं लिखाण म्हणजे हा लेख. नाव होतं ‘न मरणारा नायक’. त्यात त्यांनी मांडलं होतं, की किशनराज टांगेवाला असो, डॉक्टर असो नाहीतर वकील, त्याच्यावर संकटं कोसळतात, गोळ्या लागतात, आणि शेवटी तो पांढरा सदरा घालून एका नावेत उभा राहून गातो. ही नाव म्हणजे भवसागरातली नौका. पांढरा सदरा म्हणजे सगळं सोसून निर्मळ झालेलं मन. गोरगरीब माणूस या नटावर जीव टाकतो तो यामुळंच. असं बरंच काही. लिहून झाल्यावर आपण फार मोठं बोललो की काय, अशी शंका त्यांना आली होती, पण तोवर पाकीट पोस्टात पडलं होतं.

पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते शाळेत नेलं. हिंदीचे शिक्षक गुरप्पा हे गुलबर्ग्याचे. शहरात वाढलेले, थेटरातले सिनेमे पाहिलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीतच मागं रेलून हसायला लागले.

“श्रीपतराव, टर उडवायलाय की ओ तुमची!”

“म्हणजे?”

“किशनराज मरत न्हाई म्हणून कोण लिवतंय? अवो, त्याचा सिनेमा म्हणजेच मयत. आमची अक्का दोन रुमाल घेऊन जाती. एक रडायला, एक नाक पुसायला. तुमी कोणता किशनराज बघितलात?”

त्याच महिन्यात श्रीपतराव कुणाला न सांगता गुलबर्ग्याला गेले. एका थेटरात सकाळच्या खेळाला किशनराजचा जुना टांग्याचा सिनेमा लागला होता. हाच त्यांनी भालकीला फिरत्या सिनेमाच्या तंबूत बसून पाहिला होता. टांगा, घोडा, सावकाराचा पोरगा, सगळं तसंच होतं. शेवटी सावकाराच्या माणसानं गोळी झाडली. किशनराज छातीला हात लावून पडला. आता नाव येईल म्हणून श्रीपतराव पुढं सरकून बसले. नाव आली नाही. किशनराज घोड्याच्या गळ्यात हात टाकून बराच वेळ बोलला, मग मेला. बायका हुंदके द्यायला लागल्या. दिवे लागले, माणसं उठली, झाडणारा आला, तरी श्रीपतराव पांढऱ्या पडद्याकडं पाहत बसून होते.

परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःशी निवाडा केला. नाव नव्हतीच. ती आपणच रचली. लहानपणी वडील म्हणायचे, “ह्याच्या डोक्यात पुस्तकं हायेत, डोळ्याम्होरचं ह्याला काय दिसंना.” तेच खरं म्हणायचं. पण एक गोष्ट काही केल्या जुळेना. किशनराज स्वतः लिहीत होता, की तो एकदा नावेत बसला होता. मग कुणी न पाहिलेली ती नाव आपल्या डोक्यात आली कुठून? माणूस न पाहिलेलं रचू शकतो, मान्य. पण पांढरा सदरा? मागं वल्हं धरून बसलेला म्हातारा नावाडी? एवढं बारीक?

कुणाला विचारायचं तर धीर होईना. ‘तंबूत तुम्ही नाव पाहिलीत का’ असं विचारलं आणि समोरचा नाही म्हणाला, तर आपण वेडे ठरणार. बायकोला एकदा आडून विचारलं. इंदिराबाई भाकरी थापत होत्या.

“मी कवा गेले सिनेमाला? तुमी तंबूत बसायचात तवा तुमची लेकरं कोण सांभाळत व्हतं?”

तिथं तो विषय संपला. पत्र कपाटात गेलं. श्रीपतरावांनी पुन्हा कुठं लेख म्हणून लिहिला नाही.

वर्षं गेली. पोरं नोकऱ्यांना लागली, श्रीपतराव निवृत्त झाले. भालकीत पक्कं थेटर येऊन जुनं झालं, आणि शहाऐंशी साली त्यांच्या गल्लीत अडत दुकानवाल्या हणमंतरावांनी टीव्ही आणला. घरापेक्षा त्याच्या अँटेनाचा खांब उंच होता. रविवारी संध्याकाळी सगळी गल्ली त्यांच्या ओसरीवर जमायची. म्हाताऱ्या पुढं, पोरं त्यांच्या मांडीवर, बाप्ये भिंतीला टेकून. श्रीपतराव बहुधा जात नसत. त्या रविवारी हणमंतराव स्वतः बोलवायला आले.

“मास्तर, चला की. तुमच्या येळेचा नट हाय आज. किशनराज.”

नाही म्हणायलाही धीर लागतो. श्रीपतराव गेले आणि दाराजवळ, निसटता येईल अशा जागी बसले.

निवेदिका सांगत होती, की एकेकाळी लाखो प्रेक्षकांना रडवणारे किशनराज सध्या मुंबईत आजारी आहेत, आपण त्यांना उदंड आयुष्य चिंतू या. मग सिनेमा सुरू झाला. तोच, टांग्याचा. श्रीपतरावांनी मान खाली घातली. पुढं काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. गोळी झाडल्याचा आवाज आला. घोडा खिंकाळला. किशनराज बोलला बोलला आणि मेला. पडद्यावर ‘समाप्त’ आलं.

ओसरीवर कुणीच उठेना.

पुढं बसलेल्या राजूबाईंनी मागं वळून विचारलं, “आन् नाव?”

राजूबाई हणमंतरावांच्या थोरल्या चुलती. कानानं कमी, आवाजानं जास्त.

“कसली नाव, आज्जी?” एक पोरगं म्हणालं.

“नाव रे! गोळी लागल्यावर नावेत बसून गाणं म्हणतंय की त्यो. हेनी मारूनच टाकलं त्याला!”

“व्हय की,” दुसरी एक म्हातारी म्हणाली. “नाव कामून दावली न्हाई? हणमंता, तुझा टीव्ही बिघडलाय बग.”

“बिघडला न्हाई, काकू. सिनेमा संपला.”

“असा कसा संपल? त्याला गोळी लागायची, मंग त्यो नावेत यायचा. आमी काय बघितलं न्हाई व्हय? रांजणभर येळा बघितलंय.”

पोरं फिदीफिदी हसायला लागली. हणमंतरावांनी टीव्ही बंद केला, पुन्हा चालू केला, कदाचित नाव असेलही म्हणून. आणि ज्यांना चार माणसांत बोलता येत नसे ते श्रीपतराव दाराजवळून उठून, माणसांच्या पायांवर पाय देत, थेट राजूबाईंपुढं जाऊन बसले.

“राजूबाई, नावेत त्याच्या अंगावर काय व्हतं?”

“आँ?”

“कपडे! कपडे कसले व्हते?”

“पांढरा सदरा की. आन् मागं म्हातारं नावाडी. मान हालवत व्हतं ते गाण्यावर.”

“पण आधी तर टांगेवाल्याचे कपडे होते ना?”

“मंग?” राजूबाईंनी त्यांच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. “मास्तर, बरं झाल्यावर माणूस कपडे बदलतंयच की! गोळी लागलेलाच सदरा घालून फिरंल का?”

सगळी ओसरी हसली. श्रीपतरावही हसले. हसता हसता त्यांना धाप लागली, आणि हणमंतरावांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

त्या रात्री त्यांनी कपाटातून पत्र काढलं आणि इंदिराबाईंना पहिल्यांदा ते वाचून दाखवलं.

“म्हंजी तुमी खोटं लिवलं न्हवतं,” त्या म्हणाल्या.

“न्हाई.”

“मंग नाव आली कुठनं?”

“तेच तर,” श्रीपतराव म्हणाले.

आता हाच एक प्रश्न त्यांच्यामागं लागला. भालकीची म्हातारी माणसं नाव पाहिली म्हणतात. मुंबईचा नट म्हणतो, नाव फक्त पहिल्या सिनेमात होती आणि तो कुणी पाहिलाच नाही. गुलबर्ग्याच्या थेटरात नाव नाही, दिल्लीच्या टीव्हीवर नाही. नाव फक्त तंबूत. तंबू होता गुरुशांतप्पाचा. त्याचं टूरिंग टॉकीज या भागातल्या जत्रा धरून फिरायचं. आज या गावी, पंधरवड्यानं त्या गावी. गुरुशांतप्पा वारून बरीच वर्षं झाली होती. पण त्याची बायको चन्नम्मा, तंबूच्या दारात बसून तिकिटं फाडणारी, ती गुलबर्ग्याला लेकीकडं असते असं हणमंतरावांनी शोधून काढलं. त्यांचा तुरीच्या डाळीचा व्यवहार तिकडं होता.

“जाणार व्हय?” इंदिराबाईंनी विचारलं.

“जाऊन काय विचारू? मला ते जमंल का?”

“ओसरीवर जमलं की. जावा. त्या माणसाला बरं न्हाई म्हणायलेत.”

श्रीपतराव दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीत बसले. हुमनाबाद येईपर्यंत मनात वाक्य जुळवत होते, आणि गुलबर्गा आलं तेव्हा सगळी वाक्यं विसरली होती.

डाळीच्या गिरण्यांच्या मागच्या गल्लीत त्या लेकीचं, लिंगम्माचं घर सापडलं. अंगणात एक थोराड म्हातारी सूप घेऊन तूर पाखडत बसली होती. कपाळावर विभूती, तोंडात पान. हीच चन्नम्मा. श्रीपतरावांनी नमस्कार केला, आपलं नावगाव सांगितलं, आणि एका दमात विचारलं, “अक्का, तुमच्या तंबूत किशनराजच्या सिनेमात शेवटी नाव यायची, ती कुठून यायची?”

सूप थांबलं.

“तुमी सरकारचं माणूस का?”

“न्हाई, न्हाई. मी मास्तर. रिटायर झालो.”

“रिटायर झाल्यावर सरकार पाठवतंय मास्तर लोकास्नी. जनगणनेला येतेत की.” तिनं आत हाक मारली, “लिंगम्मा, कोण आलंय बग. तुझ्या अप्पाचं जुनं कायतरी काढायलेत.” मग श्रीपतरावांना, “ते गेले. मशीन इकलं. तंबू उंदरानं खाल्ला. आता काय धरून नेताव?”

 श्रीपतरावांनी खिशातून पत्र काढलं आणि समोर धरलं. चन्नम्माला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते मराठीत सांगितलं. आईचं सांगितलं, पहिल्या सिनेमाचं सांगितलं, शोधून प्रत मिळाली नाही ते सांगितलं. ऐकता ऐकता म्हातारीनं पान थुंकलं आणि तोंड धुतलं.

“हे त्यानं सोत्ताच्या हातानं लिवलंय?”

“व्हय.”

“भांडायला न्हाई?”

“न्हाई अक्का. नाव कुठं बघितली, एवढंच इच्चारायलाय.”

“बसा की ओ मास्तर, उबं कामून?” चन्नम्मानं सूप बाजूला सारलं. “लिंगम्मा, चहा ठेव.”

मग तिनं सांगितलं. मधेच कानडीत शिरायची, लिंगम्मा दारातून आठवण करून द्यायची, की पुन्हा मराठीत यायची.

औरादकडच्या एका गावात जत्रा होती. नव्यानं तंबू घेतलेला. पहिल्या रात्री किशनराजचा डॉक्टरचा सिनेमा लावला. माणूस मावेना एवढी गर्दी. शेवटी डॉक्टर मेला. मेला तो मेला, पण गावानं त्याचं सुतक धरलं. बायका तंबूतून निघाल्या त्या थेट विहिरीवर गेल्या आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेऊन ओल्यानं घरी गेल्या. कुणाची चूल पेटली नाही. मयत बघून आल्यावर गोड कोण खातंय? जिलेबीवाल्या सिद्धप्पाची कढई तशीच गार झाली.

“सकाळीच पंच आले,” चन्नम्मा म्हणाली. “म्हणले, देव पालखीत बसलाय आन् तुमी गावात मयत केलाव. तंबू उचला. सिद्धप्पा मागं उबा. त्यो तर रडायलाच लागला. ह्येंनी पंचाला सांगितलं, बाबांनो, ते चित्र हाय, खरं न्हाई. पंच म्हणले, आमाला कळत न्हाई व्हय चित्र हाय ते? पण बाया आंघोळी करायलेत त्या खऱ्याच की!”

“मग?”

“मंग मी म्हणले, राती या. त्याला जित्ता करून दावते. ह्येंनी कपाळाला हात लावला.”

यंत्र त्यांनी सिकंदराबादेत जुनं घेतलं होतं. विकणाऱ्यानं त्याच्याबरोबर एक सुटं रीळ फुकट दिलं होतं, यंत्राचा उजेड आणि आवाज तपासून पाहायला. दर संध्याकाळी खेळाआधी ते रिकाम्या तंबूत लावून बघायचे. त्यात काय आहे इकडं कुणाचं लक्ष नसे. चन्नम्माचं होतं. तिकिटाची पेटी मांडता मांडता ती रोज पाहायची. एक पोरगेला नट नावेत उभा राहून गातो.

“डॉक्टर मेला त्या राती मला वळखू आलं. म्हणले, आवो, हे तर तेच पोरगं! तपासायच्या रिळातलं! दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटंवर पडला, डोळे मिटाया लागला, की मशीन थांबवलं. एकच मशीन आमचं. रीळ बदलताना अंधार व्हायचाच, लोकास्नी सवय व्हती. बदलून नावेचं लावलं. पडद्यावर नाव आली, हे गडी पांढऱ्या सदऱ्यात गायला लागलं, आन् तंबूत अशी शिट्टी…” चन्नम्मानं दोन्ही हात वर केले. “सिद्धप्पाची कढई पुरली न्हाई त्या राती.”

“पण अक्का, खाटेवर पडलेला माणूस एकदम नावेत कसा, असं कुणी विचारलं नाही?”

“दवाखाना न्हाई का? आन् डॉक्टरच त्यो! दुसऱ्याला बरं करतंय ते सोत्ताला करंना?” मग जरा थांबून, “तुमी इच्चारलाव का मास्तर? तुमी बी बसायचाव की तंबूत. खुर्चीत बसायचाव, चष्मा पुसायचाव.”

श्रीपतरावांना आपला लेख आठवला. भवसागरातली नौका, निर्मळ झालेलं मन. नाही, त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांनी त्याचा अर्थ लावला होता.

“दुसऱ्या नटांचं काय करत होतात? ते मेले तर?”

“मरणाऱ्या दुसऱ्याचा सिनेमा आणतच न्हवताव. त्यास्नी नाव कुठं हाय? म्हणून किशनराजच आणायचाव. मंग लोक तिकिटाला आले की आधी इच्चारायचे, नावेचा हाय का? हाय म्हणलं की मगच पैसे काढायचे. बाकीच्या मुलकात त्यो मरून मोठा झाला आसंल. आमच्या हिकडं त्यो नावंवर मोठा झाला.”

श्रीपतरावांनी विचारलं, ते रीळ आता कुठं आहे.  चन्नम्मानं मान हलवली. दर खेळाला ते कुठंतरी तुटायचं. तुटलं की तेवढा तुकडा कापून पुढचं जोडायचं. गाणं दर वर्षी आखूड होत गेलं. शेवटी शेवटी तर नाव या काठावरून निघाली की लगेच त्या काठाला. लोक त्यालाही टाळ्या वाजवायचे. पक्की थेटरं झाली, तंबू बसला, आणि रीळ भंगारात गेलं.

चहा आला. पण चन्नम्माचं चहाकडं लक्ष नव्हतं. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

“त्यानं सोत्ता ती नाव बघितलीच न्हाई म्हणायलाव?”

“प्रत मिळाली नाही त्याला.”

“अय्यो. आन् आमी रोज बघायचाव. तंबूत कोण नसताना सुदीक लागायची ती.” तिनं कप खाली ठेवला. “मास्तर, उत्तर लिवताव नव्हं? मंग माझं एक इच्चारा. त्याला पवता येतंय का? गाताना त्यो नावेच्या पार कडंला यायचा, आन् नाव अशी कलायची. इतकी वर्सं बघितलं, पण दर बारीला मला भ्या वाटायचं. पडतंय का काय. एवढं इच्चारा.”

परत येताना गाडीत श्रीपतरावांनी काहीच जुळवलं नाही. खिडकीतून तुरीची रानं मागं जात होती. एक माणूस सगळ्या देशात रडवणारा म्हणून ओळखला गेला. रडवायचं त्याच्या मनात होतं की नाही कुणास ठाऊक. पहिल्या सिनेमात तर तो हसत होता, गात होता, पडायची पर्वा न करता नावेच्या कडेला येत होता. लोकांनी ते पाहिलं नाही, म्हणून तो मरायला लागला, आणि मरणं चाललं. त्या हसणाऱ्या पोराला गर्दी मिळाली ती फक्त इथं, पालातल्या दिव्यांच्या उजेडात, जिलेबीच्या वासात. आणि ते त्याला कुणी कळवलंच नाही. कळवायचं ज्याच्या हातात होतं त्यानं पत्र कपाटात ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी टेबलाशी बैठक मारली. उर्दू लिहिल्याला जमाना झाला होता. हात उजवीकडून डावीकडं जायला तयार होईना. पहिल्या कागदावर त्यांनी माफी मागितली, ती एवढी लांबली की नाव यायच्या आतच कागद संपला. दुसऱ्यावर लोककला आणि लोकमानस यांवर काही विचार मांडले. तिसरा सुरू केला तेव्हा इंदिराबाई दिवा लावायला आल्या.

“काय लिवलाव, सांगा तरी.”

त्यांनी वाचून दाखवलं. त्या ऐकत राहिल्या.

“ह्येच्यात जिलेबीवाला कुठं हाय?”

“तो कशाला? एवढ्या मोठ्या माणसाला जिलेबीवाल्याचं काय सांगायचं?”

“मला सांगताना तर त्याचंच पयलं सांगितलाव.”

श्रीपतरावांनी तिसराही कागद बाजूला ठेवला. मग चौथ्यावर, जसं चन्नम्मानं सांगितलं तसं, विहिरीवरच्या बायकांपासून लिहायला घेतलं. पंच, कढई, फुकट मिळालेलं रीळ, अंधारात बदललेला शेवट, ओसरीवर टीव्ही बिघडला म्हणून भांडणाऱ्या राजूबाई, गोळी लागलेलाच सदरा घालून फिरंल का. चुका झाल्या तिथं खोडलं आणि पुढं गेले. स्वतःच्या लेखाबद्दल एकच ओळ लिहिली : त्यातली नाव खरी होती, बाकीचं मी माझ्या पदरचं घातलं. रीळ आता उरलेलं नाही, हेही लपवलं नाही. आणि शेवटी, चन्नम्मा अक्का विचारतात, तुम्हाला पोहता येतं का?

वाचून झाल्यावर इंदिराबाई एवढंच म्हणाल्या, “आता टाका. उगं पाचवा लिवत बसू नका.”

सकाळी ते पोस्टात गेले. कारकुनानं पाकीट हातात घेऊन पत्ता वाचला. “सर, हा पत्ता लै जुना दिसायलाय. नुसतं मुंबई बावन्न. पिन न्हाई.” तो त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्यानं पेन घेऊन बावन्नच्या आधी चारशे आणि एक शून्य घातलं. “आता जाईल. माणूस तिथंच हाय का पण?”

“माहीत नाही,” श्रीपतराव म्हणाले. “आजारी आहेत असं ऐकलं.”

“मंग रजिस्टर करू का? मिळालं का न्हाई ते तरी कळंल.”

श्रीपतरावांनी विचार केला. मिळालं नाही तर पाकीट परत येईल, पुन्हा त्याच कपाटात जाईल. “नको,” ते म्हणाले. “साधंच जाऊ दे.”

तिकीट त्यांनी स्वतः चिकटवलं. बाहेर येऊन पेटीच्या तोंडाशी पाकीट धरलं, आणि नेहमीप्रमाणं त्यांना एक शंका आली. आपण ‘कलायची’ला उर्दूत जो शब्द वापरला तो बरोबर आहे का? मग त्यांना वाटलं, नाव आहे, त्याला कळेल. त्यांनी हात सोडला. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.